१९७८ सी-१० : मागची बाजू सहा इंच खाली आणायची आहे. शॅकल, ठोकळे की फ्लिप किट?

चौकट_७८

गाडी १९७८ शेव्हरोले सी-१० पिकअप, टू व्हील ड्राइव्ह, आखूड हौदा, व्हीलबेस ११७.५ इंच. ३५० इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक, एका तुकड्याचा जॉइंट शाफ्ट. मागे मूळचे ५२ इंची पाटे (लीफ स्प्रिंग), टायर २५५/७०आर१५. पुढून अडीच इंची ड्रॉप स्पिंडल आणि आखूड स्प्रिंगा घालून चार इंच उतरवलंय. त्यामुळे गाडी आता चवड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसते.

मागे सहा इंच उतरवायचं आहे. दोन इंची ड्रॉप शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी कडी) आणि तीन इंची अॅल्युमिनियमचे ठोकळे आणून ठेवलेत. प्रश्न असे:

१. हे दोन्ही मिळून पाच इंच उतरेल ना? उरलेला एक इंच पाट्यांतलं एखादं पान काढून मिळेल का?
२. चासीला सी-नॉच (अॅक्सलला वर यायला जागा देणारी खाच) मारणं खरंच गरजेचं आहे, की नुसता बंप स्टॉप (चासीखालचं धक्क्याचं रबर) कापला तर चालेल?
३. पिनियनचा (डिफरन्शियलच्या, शाफ्टला जोडलेल्या टोकाचा) कोन किती ठेवायचा?
४. हौदा न उचलता काम होईल का?

वापर साधा आहे. महिन्यातून एकदा बागेच्या खताची, मल्चची पोती, जास्तीत जास्त ८०० पौंड. ट्रेलर ओढत नाही. राहतो कॅलिफोर्नियात.

---

पाटेवाला

आधी ते ठोकळे परत करा. १९७३ ते ८७ च्या टू व्हील ड्राइव्ह सी-१० मध्ये पाटे हाउसिंगच्या (मागच्या अॅक्सलच्या कवचाच्या) वर असतात. पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये ठोकळा घातला की पाटा वर जातो, म्हणजे चासी वर, म्हणजे गाडी तीन इंच उंच होईल. ठोकळ्याने गाडी खाली येते ती हाउसिंग पाट्याच्या वर बसलेल्या गाड्यांत. ही चूक फार जण करतात, कारण डब्यावर ‘लोअरिंग ब्लॉक’ एवढंच लिहिलेलं असतं. उलट, तुमच्या गाडीत पाटा आणि परच (हाउसिंगवरची पाट्याची बैठक) यांच्या मध्ये आधीच एखादा ठोकळा आहे का ते वाकून बघा. असेल तर तो काढला की तेवढी उंची फुकटात उतरते. मात्र यू बोल्ट मग आखूड लागतात.

शॅकलचं गणित वेगळं. या गाड्यांत मागचा शॅकल ओढीचा आहे. चासीवरचा पिन खाली आणि पाट्याचा डोळा (टोकाचं गोल भोक) वर. म्हणून लांब शॅकल घातला की डोळा वर जातो आणि गाडी खाली येते. ज्या गाड्यांत शॅकल लटकता असतो, म्हणजे चासीवरचा पिन वर आणि डोळा खाली, तिथे लांब शॅकलने गाडी उचलली जाते. डोळा एका टोकाला चार इंच वर गेला तर पाट्याच्या मध्यावर, म्हणजे हाउसिंगपाशी, फरक पडतो निम्मा, दोन इंच. किटवरचा ‘दोन इंच’ बहुतेक वेळा गाडी किती उतरेल ते सांगतो, शॅकल किती लांब आहे ते नव्हे. जुन्या आणि नव्या शॅकलच्या पिनांमधलं अंतर मोजून वजाबाकी करा, निम्मं करा, म्हणजे खरा आकडा कळेल.

पान काढायचा विचार सोडून द्या. उंची कमी होते हे खरं, पण त्याबरोबर पाटा मऊ पडतो. मग ८०० पौंडाला गाडी बसते, आणि अॅक्सिलरेटर दाबला की हाउसिंग पाट्याला पिळून नाक वर करतं. गॅसने पाटा तापवून कमान उतरवणारेही भेटतात. त्या पाट्याचं पाणी उतरलेलं असतं, तो पुढे बसतच जातो, तेही दोन बाजूंना वेगवेगळा. कमान उतरवायचीच असेल तर पाटे बनवणाऱ्या दुकानात थंड दाबावर उतरवून घ्यावी.

तुमच्यापुढे प्रामाणिक रस्ते दोनच.

चार इंच: पुढे ड्रॉप हँगर (पाट्याचं पुढचं टोक धरणारा चासीवरचा ब्रॅकेट), मागे ड्रॉप शॅकल. पाट्याची दोन्ही टोकं सारखी वर जातात, त्यामुळे पाटा तिरपा होत नाही आणि पिनियनचा कोन फारसा हलत नाही. पुढचे हँगर कारखान्यातून रिव्हेट केलेले असतात. रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने सपाट करा, मधोमध पंच मारा, आधी बारीक मग मोठ्या ड्रिलने पोकळ करा, मग हातोडा आणि पंचाने बाहेर ठोका. नुसतं डोकं उडवून ठोकत बसलात तर अर्धा दिवस जातो, कारण रिव्हेट भोकात फुगून घट्ट बसलेला असतो. पेट्रोलची टाकी चासीच्या बाहेरच्या अंगाला, हँगरच्या जवळच आहे. ठिणग्या त्या बाजूला उडू देऊ नका, शक्यतो टाकी उतरवाच.

सहा इंच: फ्लिप किट. हाउसिंग पाट्याच्या खालून काढून वर बसवायचं. पाटे, हँगर, शॅकल सगळं मूळचं राहतं. यात सी-नॉच टाळता येत नाही.

पुढे चार उतरवलंय, तेव्हा मागे सहा दिसायला बरोबर आहे. या गाड्या मुळातच मागून उंच असतात, त्यामुळे चार-सहाला गाडी जवळपास सरळ रेषेत येते. चार-चारला मागून किंचित उंच राहील. ८०० पौंड नेणाऱ्या माणसाला मी चार-चारच सुचवीन. पण तुमचं मन सहावर बसलंय हे दिसतंच आहे.

---

तीन_अंश

शॅकलबद्दल एक पुरवणी. नुसते शॅकल बदलले आणि हँगर तसेच ठेवले तर पाट्याचं मागचं टोक चार इंच वर जातं, पुढचं जागेवर राहतं. ५२ इंचात चार इंच म्हणजे जवळपास ४.४ अंश. पाटा तेवढा पुढे कलतो, हाउसिंग त्याच्याबरोबर फिरतं आणि पिनियनचं नाक ४.४ अंश खाली जातं. ताशी ५५-६० मैलांच्या आसपास सीटखालून घरघर येते ती यातूनच. लोक टायर बॅलन्स करून घेतात, शाफ्ट बॅलन्स करून घेतात, आणि घरघर तशीच राहते.

तिथे पाचर लागते. पाटा वर आणि हाउसिंग खाली असताना नाक वर आणायचं असेल तर पाचरीची जाड बाजू मागे. फ्लिप केल्यावर पाटा खाली आणि हाउसिंग वर, तेव्हा तेच नाक वर आणायला जाड बाजू पुढे. उलटी बसली तर चूक दुप्पट होते. पाचर लोखंडी घ्या. अॅल्युमिनियमची यू बोल्टच्या ताकदीखाली हळूहळू चेपते, बोल्ट ढिले होतात, आणि एक दिवस पाचर रस्त्यावर पडलेली असते.

चौकट, फ्लिपला हात घालण्याआधी तीन कोन मोजून इथे लिहा: गिअरबॉक्सच्या शेपटीचा, शाफ्टचा आणि पिनियनचा. गाडी सपाट जागेवर, वजन चाकांवर. जॅकवर लोंबकळत्या हाउसिंगचं माप निरुपयोगी. पिनियनसाठी योकच्या (शाफ्ट जोडायच्या काट्याच्या) कपावर, क्रॉसची (युनिव्हर्सल जॉइंटची) टोपी जिथे बसते त्या सपाट कडेवर गेज लावा. गंज, रंग खरवडून घ्या.

---

चौकट_७८

ठोकळे परत चालले. फ्लिपच करतो.

कोन: शेपटी मागे ३ अंश उतरती. शाफ्ट मागे ५ अंश उतरता. पिनियनचं नाक २ अंश वर. शाफ्टची लांबी क्रॉसपासून क्रॉसपर्यंत ६० इंच, अर्धा-पाव इंच इकडे तिकडे.

किट आलंय त्यात हाउसिंगच्या नळीखाली बसणारे सॅडल आहेत, नवे यू बोल्ट, प्लेटा आणि नट. सॅडल नळीवर फिरतं, म्हणजे कोन मलाच ठरवावा लागेल असं दिसतं.

---

तीन_अंश

बरोबर, तुम्हालाच ठरवायचा आहे. आत्ताचा हिशेब: पुढच्या क्रॉसवर ५ वजा ३, म्हणजे २ अंश. मागच्यावर ५ वजा २, म्हणजे ३. दोघांत एका अंशाचा फरक. जोर लागला की पाटे पिळतात, नाक अंशभर उचलतं आणि दोन्ही सारखे होतात. कारखान्याने तसंच योजलेलं आहे.

हाउसिंग चासीच्या दिशेने सहा इंच वर आलं की ६० इंची शाफ्ट ५.७ अंश फिरतो. पाच अंश उतरता होता, आता ०.७ अंश चढता. पुढच्या क्रॉसवर ३ अधिक ०.७, म्हणजे ३.७ अंश. हे चालेल पण फार आवडण्यासारखं नाही. महामार्गाच्या वेगाला क्रॉसवर तीन अंशांच्या आत राहिलेलं बरं. शून्यही नको. अर्धा-एक अंश तरी हवाच, नाहीतर सुया एकाच जागी घासून कपात खाचा पाडतात.

उपाय स्वस्त आहे. गिअरबॉक्सच्या रबराखाली अर्ध्या इंचाची पट्टी घालून शेपटी उचला. इंजिनच्या माउंटपासून तिथपर्यंत ४० इंच धरले तर साधारण पाऊण अंश मिळतो. शेपटी २.३ वर येते, पुढचा क्रॉस तीनच्या आसपास. पट्टी घातल्यावर केबिनच्या बोगद्याला गिअरबॉक्स कुठे टेकत नाही ना, आणि पंख्याचा श्राउड पात्यांना लागत नाही ना, एवढं बघा.

आता पिनियन. शेपटी २.३ उतरती असेल तर पिनियन तिला समांतर म्हणजे नाक २.३ वर. त्यातून पाटे पिळतील त्याची वजावट सव्वा अंश. नाक १ अंश वर ठेवा. उभ्या गाडीत मागचा क्रॉस १.७ दाखवील, जोराखाली तीनकडे जाईल.

मग सॅडल पक्कं करायची वेळ. यू बोल्ट हाताने घट्ट, गाडी चाकांवर, कोन मोजा, दोन्ही सॅडलना दोन-दोन टाके. पुन्हा मोजा. मग हाउसिंग खाली काढून पूर्ण वेल्ड. सलग ओढू नका: एक इंच डावीकडे, एक इंच उजवीकडे, थंड होऊ द्या, मग पुढे. नळी तापून वाकली तर अॅक्सल शाफ्टचे सील गळायला लागतात आणि बेअरिंग जातात. मधल्या ओतीव भागाला वेल्डिंगची कांडी लावायची नाही. वेल्डरची अर्थ हाउसिंगलाच, सॅडलजवळ. चासीला लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

स्लिप योकही (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) बघा. गाडी चाकांवर असताना योक गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकलला तर अजून पाऊण ते एक इंच जाईल एवढी जागा हवी. कमी असेल तर मोठ्या खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागच्या बुशवर ठोकतो.

---

गॅस_कटर

दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. बंप स्टॉप कापून भागणार नाही. फ्लिपनंतर हाउसिंगची नळी आणि चासीचा खालचा ओठ यांत जी जागा उरते ती बघितलीत की प्रश्नच पडणार नाही. रबर काढून टाकलं तर पहिल्याच स्पीडब्रेकरला लोखंडावर लोखंड बसेल. त्यातून चासीला तडा जातो, आणि तो तडा हौद्याखाली असल्याने वर्षभर दिसत नाही.

हौदा उचला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तेच. हौदा ठेवूनही करणारे आहेत, पण चासीची वरची बाजू दिसत नाही, ड्रिल सरळ धरता येत नाही, आणि शेवटी लागतो तितकाच वेळ. पेट्रोल भरायच्या नळ्या हौद्यापासून सोडा, मागच्या दिव्यांची वायर आणि अर्थ सोडा, बोल्ट काढा, चार माणसं उचलतात. बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.

पुढचा क्रम बदलू नका.

आधी नॉच, मग फ्लिप. हाउसिंग मूळ जागी असताना नळीचा मध्य चासीवर गुण्याने चढवून खुणा करा. पण तेवढ्यावर विसंबू नका. पाट्याचा पुढचा डोळा पक्का आणि मागचा शॅकलवर, त्यामुळे पाटा दबला की हाउसिंग सरळ वर न जाता थोडं मागे सरकतं. चाक काढून, जॅकने हाउसिंग वर नेऊन, ते कुठून कुठे जातं ते खडूने आखा. नॉचचा मध्य त्या वाटेवर हवा.

ब्रेकची लोखंडी नळी, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग चासीच्या आतल्या अंगाने जातात. क्लिपा काढून बाजूला बांधा, वर ओलं गोणपाट टाका. बॅटरीची दोन्ही टोकं काढा. अग्निशामक हाताच्या अंतरावर.

चासीखाली कापायच्या जागेच्या पुढे एक आणि मागे एक असे स्टँड, दोन्ही बाजूंना. एकूण चार. एका वेळी एकच बाजू कापायची. पहिल्या बाजूची प्लेट पूर्ण बोल्ट केल्याशिवाय दुसरीला ब्लेड लावायचं नाही. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर चासी मधोमध झुकते, आणि नंतर प्लेटांची भोकं जुळता जुळत नाहीत.

कापण्याआधी खाचेच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाची भोकं पाडा आणि कट त्या भोकांत आणून संपवा. कोपरा गोल राहतो. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो, हे ठरलेलंच. कडा फाइलने मऊ करा, उघड्या लोखंडाला प्राइमर मारा, मगच प्लेट चढवा.

बोल्ट किटमधलेच वापरा. हरवला तर डोक्यावर सहा रेघा असलेला ग्रेड ८ घ्या, तीन रेघांचा ग्रेड ५ नको. भोकं प्लेटमधूनच मारा, ढिली नको. बोल्टाने चासी आणि प्लेट एकमेकांवर घट्ट दाबून धरली तरच ती ताकद देते. ढिल्या भोकात बोल्ट हलतो आणि दोन महिन्यांत भोक लांबोळं होतं.

बोल्टवर वेल्ड करू का, हा प्रश्न पुढे येणारच म्हणून आत्ताच सांगतो. वेल्डर चांगला असेल तर प्लेटच्या लांब कडेने तुटक टाके मारा. उभ्या कडेने, चासीच्या उंचीला आडवं जाईल असं वेल्ड करू नका. चासी वाकते तेव्हा ताण तिथेच साचतो.

---

चौकट_७८

गॅस_कटर, हे कागदावर उतरवून गॅरेजच्या भिंतीला लावतो.

सेंटर बोल्टचं काय? पाट्यांतल्या बोल्टचं डोकं आत्ता खालच्या बाजूला आहे आणि परचच्या भोकात बसतंय. हाउसिंग वर गेलं तर सॅडलच्या भोकात काय बसणार?

आणि शॉकअप कोणत्या मापाचे घ्यायचे? किटमध्ये नाहीत.

---

पाटेवाला

डोकं वर यायला हवं. हाच भाग लोक विसरतात आणि मग हाउसिंग पाट्यावर नुसतं यू बोल्टच्या पकडीवर बसतं. जोरात ब्रेक मारला की एक बाजू अर्धा इंच सरकते आणि गाडी तिरकी चालायला लागते.

पाटे बाकावर घ्या. सेंटर बोल्टच्या दोन्ही अंगांना दोन जाड सी-क्लॅम्प आवळा. मगच नट सोडा. क्लॅम्पशिवाय नट सोडलात तर पानं फटकन उघडतात, आणि बोटं मधे असली तर मोडतात. जुना बोल्ट बहुतेक गंजून पानांत रुतलेला असतो. ठोकून निघाला नाही तर कापा, नवा फार महाग नसतो. त्याच जाडीचा नवा बोल्ट वरून घाला, डोकं वरच्या पानावर, नट खाली. पानांमधली धूळ-गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या. उरलेला दांडा नटाच्या खाली कापून टाका, नाहीतर तो खालच्या प्लेटला टेकतो आणि प्लेट सपाट बसत नाही. प्लेटला भोक असेल तर प्रश्न नाही.

शॉकअपचं माप: गाडी तयार होऊन चाकांवर उभी राहिल्यावर वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर घ्या. समजा १४ इंच आलं. हाउसिंग आणि नव्या बंप स्टॉपमधली जागा समजा ३ इंच, रबर दबेल पाऊण इंच. म्हणजे शॉकअप ३.७५ इंच दबणार, त्यावर अर्धा इंच शिल्लक ठेवा. १४ वजा ४.२५, म्हणजे ९.७५. पूर्ण दाबलेला शॉकअप पावणेदहा इंचांपेक्षा लांब असता कामा नये. उघडल्यावर निदान १८ इंच हवा, कारण चाक लोंबकळतं तेव्हा हाउसिंग शॉकअपवर टांगलं जाऊ नये. जुने शॉकअप ठेवले तर ते बंप स्टॉपच्या आधीच संपतात. दट्ट्या तळाला आपटतो, आणि पहिल्या महिन्यात तेल बाहेर.

आणि तुमची पोती. मागच्या दोन पाट्यांचा मिळून कडकपणा हिशेबापुरता इंचाला ४०० पौंड धरला, तर ८०० पौंडाला गाडी दोन इंच बसणार. तीन इंचांतला एक उरतो. त्या एका इंचावर खड्डा. दोन फेऱ्या करा, चारशे-चारशे. तेवढं मान्य नसेल तर हाउसिंगवर बसणाऱ्या एअर हेल्पर बॅगा टाका, पण त्यांना जागा हवी, आणि ती नॉचच्या आधी मोजायची.

---

संथ_एकाहत्तर

मधेच विचारतो. १९७१ ची सी-१० आहे, मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे. फ्लिप माझ्या काही कामाचं नाही ना?

---

तीन_अंश

नाही. १९६७ ते ७२ मध्ये शेव्हरोलेला मागे कॉइल नेहमीची आणि पाटे मागून घ्यायचे, तर त्याच गाडीच्या जीएमसी भावंडाला उलट, पाटे नेहमीचे. तुमच्याकडे दोन लांब ट्रेलिंग आर्म आहेत, हाउसिंग त्यांच्यावर यू बोल्टने बसलेलं, आणि स्प्रिंग हाउसिंगच्या थोडी पुढे आर्मवर. नॅसकारच्या शर्यतीच्या गाड्यांत वर्षानुवर्षं चालली ती ‘ट्रक आर्म’ मांडणी याच शेव्हरोले ट्रकवरून गेलेली. तेव्हा नाक मुरडू नका तिच्यावर.

तुमच्याकडे ठोकळा मात्र चालतो. हाउसिंग आर्मच्या वर आहे, मध्ये ठोकळा घातला की हाउसिंग वर, गाडी खाली. बाकी उंची आखूड स्प्रिंगने. दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, आर्म हाउसिंगला घट्ट बांधलेला असल्याने आर्म फिरला की पिनियन तेवढाच फिरतो. ५० इंची आर्मचं मागचं टोक नुसत्या स्प्रिंगने ५ इंच वर गेलं तर नाक ५.७ अंश खाली. पाचर लागणारच, जाड बाजू पुढे. ठोकळ्याने उतरवलेल्या उंचीत हा फरक पडत नाही, कारण आर्म जागचा हलत नाही.

दुसरी, पॅनहार्ड रॉड. एक टोक चासीला, एक हाउसिंगला. रॉड सपाट असताना हाउसिंग चासीच्या मध्यात आहे असं धरा. २४ इंची रॉडचं एक टोक ५ इंच वर गेलं की आडवं अंतर २३.५ च्या खाली येतं, म्हणजे हाउसिंग अर्ध्या इंचाहून जास्त एका बाजूला ओढलं जातं. एका बाजूचं टायर मडगार्डला घासतं, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी जागा. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घ्या, आणि दोन्ही बाजूंना टायर ते चासी सारखं होईपर्यंत फिरवा. शॉकअपही मुळातच फार तिरपे आहेत, त्यांचे वरचे ब्रॅकेट बदलले तर गाडी निम्मी सुधारते.

पाच इंचांच्या पुढे गेलात तर नॉच तुम्हालाही.

---

पंचगंगाकाठ

कोल्हापुरातून वाचतोय. हेच सगळं आपल्याकडच्या पिकअपला करता येईल का? पाटे तर तसेच दिसतात. शॅकल खराद्याकडून बनवून घेता येतील.

---

गॅस_कटर

लोखंडाला काय, करता येतं. कायद्याला चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावलं. फिटनेसला गाडी अडेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण. शिवाय तिथल्या पिकअपचे पाटे दीड टन वाहण्यासाठी जाड केलेले असतात. रिकामी गाडी सहा इंच खाली आणलीत तर ती चालणार नाही, उड्या मारत जाईल.

खराद्याकडच्या शॅकलबद्दल: पिनांमधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं नसेल तर पाटा पिळतो. ते तरी नकोच.

चौकट, तुमच्या कॅलिफोर्नियातही एक नियम आहेच. वाहन संहितेचं कलम २४००८: चाकं सोडून गाडीचा कुठलाही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. चार-सहाला १५ इंची रिमवर अडचण येऊ नये, पण सायलेन्सर आणि पाट्यांखालच्या यू बोल्ट प्लेटा मोजा. फ्लिपनंतर त्या प्लेटा आणि खाली लोंबणारे बोल्टांचे दांडे हाच मागचा सर्वांत खालचा भाग होतो. दांडे नटाच्या खाली दोन-तीन आटे ठेवून कापा.

---

चौकट_७८

नॉच झाला, दोन्ही बाजू. फ्लिप झाला. शेपटीखाली अर्ध्या इंचाची पट्टी घातली. पिनियन १.२ अंश वर, शेपटी २.४ उतरती, शाफ्ट ०.५ चढता. हाउसिंग ते बंप स्टॉप ३.२५ इंच. हौदा अजून खाली ठेवलेला आहे.

अडचण: सायलेन्सरची नळी हाउसिंगच्या वरून जात होती, ती आता जागाच देत नाही. आणि हँडब्रेकच्या केबली सैल पडून शाफ्टच्या दिशेने लोंबतायत.

---

पाटेवाला

नळी हाउसिंगच्या आधीच वळवून मागच्या चाकाच्या पुढे बाजूला काढा. हाउसिंगवरून ती कितीही दाबून नेली तरी दोन माणसं हौद्यात बसली की ठोकणार. टाकीपासून आणि ब्रेकच्या रबरी पाइपापासून हातभर लांब ठेवा, जमत नसेल तर मध्ये पत्रा घाला. ब्रेकचा रबरी पाइपसुद्धा आता सैल आहे. पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण लोंबल्यावर तो टायरला, शॉकअपला, नॉचच्या कडेला लागतो का ते जॅकवर हाउसिंग वरखाली करून बघा. केबली चासीला क्लिपांनी वर बांधा. स्प्रिंगने ओढून ठेवल्या तर उत्तम. प्लॅस्टिकचे टाय नकोत, सायलेन्सरच्या धगीने वितळतात.

हौदा चढवण्याआधी एकदा हाउसिंग बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्या आणि हौद्याच्या तळाचं माप लावून बघा. डिफरन्शियलचं पोट आणि पिनियनचा योक हौद्याखालच्या आडव्या पट्टीला लागू शकतात. लागत असतील तर बंप स्टॉप जाड करा. पट्टी कापायच्या भानगडीत पडू नका.

पाट्यांच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळले तर रबरी बुश लोंबत्या स्थितीत चिकटून बसतात, गाडी खाली आली की पिळले जातात आणि वर्षात फाटतात. गाडीची मागची बाजू त्यामुळे अर्धा-पाऊण इंच उंचही दिसते, आणि माणूस अजून काय कापू म्हणून शोधत बसतो.

यू बोल्ट फुलीसारखे, थोडे थोडे, चारही सारखे. आकडा किटच्या कागदावरचा. ९/१६ इंची असतील तर तो बहुधा १०० ते १२० फूट-पौंडांत असेल. आटे कोरडे की तेलाचे तेही कागदावर बघा, तेलाच्या आट्यावर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. पन्नास मैलांनी आणि मग शंभर मैलांनी पुन्हा आवळा. पहिल्यांदा पाव-अर्धा फेरा नक्की जाईल, पानांमधला गंज-रंग चेपला जातो म्हणून. तिसऱ्या वेळीही फेरा गेला तर काहीतरी सरकतंय. सेंटर बोल्टचं डोकं सॅडलच्या भोकात पूर्ण बसलंय का ते उघडून बघा. जुने यू बोल्ट कितीही चांगले दिसले तरी परत घालायचे नाहीत.

शेवटी पुढच्या हँगरच्या बोल्टपासून हाउसिंगच्या नळीच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा. एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक नको.

---

चौकट_७८

डावी २५ ७/८, उजवी २६ १/४. तीन अष्टमांशांचा फरक. उजव्या सॅडलमध्ये डोकं अर्धवट बसलेलं दिसतंय, भोकाच्या कडेला वेल्डचा थेंब आहे. उद्या यू बोल्ट सोडून फाइल मारतो.

---

तीन_अंश

थेंब काढल्यावर पिनियनचा कोन पुन्हा मोजा. एक बाजू उचलून बसली असेल तर आत्ताचा १.२ खरा नाही.